चार नगरपालिका, एक मोठं शुद्धीकरण केंद्र: यंत्रं, माणसं, लॅब वाटून वापरायची तर रचना कशी ठेवावी?

पंपघर

गणितासाठी चार शेजारी नगरपालिका धरू. अ कडे ११० किमी मलवाहिन्या आणि १२ एमएलडीचं (दिवसाला १२ दशलक्ष लिटर) शुद्धीकरण केंद्र. ब कडे ४५ किमी वाहिन्या आणि स्वतःचं ३ एमएलडीचं केंद्र. क (३५ किमी) आणि ड (२० किमी) आपलं सांडपाणी पंप करून अ च्या केंद्राकडे पाठवतात. जेटिंग-सक्शन यंत्र (पाण्याच्या जोरदार झोताने वाहिनी साफ करून गाळ ओढून घेणारी गाडी) फक्त अ कडे, लॅबही तिथेच. ब कडे गाळ सुकवण्याचे वाफे आहेत, पण ते वर्षातले काही महिने भरलेलेच असतात. क आणि ड कडे प्रत्येकी एक फिटर, तो रजेवर गेला की पंपिंग स्टेशन रामभरोसे.

त्यात प्रत्येक नगरपालिकेत कामाची विभागणी वेगळी. एकीकडे वाहिन्या बांधकामकडे, पंप पाणीपुरवठ्याकडे, सेप्टिक टँकचे टँकर आरोग्याकडे. दुसरीकडे तिन्ही एकाच उपअभियंत्याखाली.

तीन पर्याय डोळ्यांपुढे आहेत: नुसता परस्पर मदतीचा करार, अ ने सेवा द्यायची आणि बाकीच्यांनी बिल भरायचं, किंवा चौघींची मिळून स्वतंत्र संस्था. कुठल्या रचनेत काय वाटून घेता येतं आणि काय कागदावरच राहतं? खर्चाची वाटणी कशावर करावी? "सहकार्य वाढवावे" छापाची उत्तरं नकोत, आकडे आणि अडचणी हव्यात.

जेट_२००

आधी जेटिंगचं गणित करा, कारण तिथे उत्तर सगळ्यात स्वच्छ येतं. १५० ते ३०० मिमी व्यासाच्या वाहिन्यांत गाळ मध्यम असेल तर एक गाडी आणि तिची टोळी दिवसाला साधारण ४०० मीटर साफ करते. वाळू घट्ट बसली असेल तर २०० वरही येते. चौघींची मिळून २१० किमी, चार वर्षांचं चक्र धरलं तर वर्षाला ५२.५ किमी, म्हणजे सुमारे १३० दिवस. वर्षात कामाचे २३० दिवस धरा. उरलेल्या शंभरेक दिवसांत यंत्राची देखभाल, गावोगाव जाणं-येणं आणि तुंबल्याच्या तक्रारी बसतात. म्हणजे एक यंत्र पुरतं. एकट्या ड साठी हेच गणित वर्षाला तेरा दिवसांचं आहे. तेरा दिवसांसाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे ते शेडमध्ये गंजवणं.

पण यात एक मेख आहे. वाटून घेण्याचा फायदा मागण्या वेगवेगळ्या वेळी आल्या तरच मिळतो. नियोजित सफाई कधीही करता येते, म्हणून ती वाटता येते. पंपाचं बेअरिंग जाणं, सील गळणं हेही एकेका ठिकाणी, आपापल्या वेळेला होतं, म्हणून सुटा पंप सामायिक ठेवता येतो. जोराच्या पावसात मात्र चारही ठिकाणी एकाच रात्री चेंबर उसळतात. त्या रात्री सामायिक यंत्र कोणाकडे जाईल? ज्याच्या आवारात ते उभं आहे त्याच्याकडे. करारात काहीही लिहा. म्हणून मोठं यंत्र सामायिक, आणि ट्रेलरवरचा छोटा जेटर व ६० ते ८० मीटर होज प्रत्येकाचा स्वतःचा. अडथळा फोडायला तेवढं पुरतं, गाळ उपसायला मोठी गाडी नंतर येते.

वेळापत्रक कोण ठरवतो हा संस्थेच्या नावापेक्षा मोठा प्रश्न आहे. अ च्या अभियंत्याकडे यंत्र आणि वेळापत्रक दोन्ही असेल तर ड चे तेरा दिवस दरवर्षी पुढे ढकलले जातात, तिसऱ्या वर्षी ड वर्गणी थांबवतो. आठवडे आधीच नावावर टाका, आणि मालकाने आठवडा काढून घेतला तर त्याने भाड्याच्या यंत्राचा खर्च द्यायचा, एवढं एक वाक्य करारात असू द्या.

लेखाशीर्ष

खर्चाच्या वाटणीबद्दल. लोकसंख्येवर वाटू नका. सोपं वाटतं, पण वाहिन्यांतली गळती दुरुस्त करण्याचं कारणच उरत नाही.

क आणि ड च्या रायझिंग मेनवर (पंपाच्या दाबाने सांडपाणी पुढे नेणाऱ्या पाइपवर) इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर बसवा आणि रात्री २ ते ४ चा कोरड्या हंगामातला प्रवाह बघा. ड चा दिवसाचा प्रवाह १२०० घनमीटर असेल तर ताशी सरासरी ५०. छोट्या गावात त्या वेळेला घराघरांतलं सांडपाणी अगदी थोडं असतं, ताशी पाच ते दहा घनमीटरच्या आसपास. मीटर २५ दाखवत असेल तर त्यातलं किमान १५ घनमीटर भूजलच आहे. दिवसाचे ३६० घनमीटर झाले, एकूण प्रवाहाच्या तीस टक्के. हे पाणी अ उचलतो, हवा देतो, क्लोरिनेट करतो. वर्गणी डोक्यावर असेल तर ड ला त्याची झळ बसत नाही. घनमीटरवर असेल तर ड स्वतःच सांधे तपासायला लागतो.

पण सगळंच घनमीटरवर टाकलं तर उलटा घोळ होतो. केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग स्थिर असतो: कर्जाचे हप्ते, पाळीतली माणसं, विजेचा मागणी आकार. ड ने गळती बंद केली म्हणून यातला एक रुपयाही कमी होत नाही, तो फक्त बाकीच्यांवर सरकतो, आणि मग अ ला ड ची सुधारणा नकोशी वाटते. म्हणून तीन हिस्से करा. स्थिर खर्च राखीव क्षमतेवर, म्हणजे प्रत्येकाने किती कमाल प्रवाहाची जागा विकत घेतली त्यावर. पंपिंगचा खर्च प्रत्यक्ष घनमीटरवर. हवा देण्याची वीज आणि गाळाचा खर्च बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि निलंबित घन पदार्थांच्या किलोवर. सक्रिय गाळ पद्धतीच्या केंद्रात (जिथे टाकीत हवा सोडून जीवाणूंकडून घाण कुजवतात) विजेचा निम्मा किंवा जास्त भाग ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारी यंत्रं, खातात, त्यामुळे हा तिसरा हिस्सा चिल्लर नाही.

भार मोजायला सकाळी दहाचा एक नमुना घेऊ नका, ती शिखराची वेळ असते आणि पाठवणाऱ्याला नाहक जास्त आकारणी होते. २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला एकत्रित नमुना, सॅम्पलर ४ अंशांवर, महिन्यातून किमान दोनदा. मीटरचं कॅलिब्रेशन वर्षातून दोनदा, दोन्ही बाजूंचा माणूस हजर ठेवून. मीटर बंद पडला तर कुठला आकडा धरायचा हे आधीच लिहा (मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची सरासरी, किंवा पंपाचे तास गुणिले तपासलेला विसर्ग). हे कलम नसलं की तीन महिने मीटर "दुरुस्तीला" असतो.

एक बारीक गोष्ट: फ्लोमीटर भरलेल्या पाइपवरच बरोबर वाचतो. रायझिंग मेनच्या टोकाला, पाइप मोकळा पडतो तिथे बसवला तर आकडा वाट्टेल तो येतो. उताराच्या वाहिनीवर मोजायचं तर पार्शल फ्ल्यूम (मध्ये अरुंद केलेली मोजणीची उघडी नाली) घ्या, आणि खालून पाणी फुगत नाही ना ते बघा.

एमएलएसएस

लॅब वाटून घेता येते, पण नमुन्यांची घड्याळं वेगवेगळी असतात. बीओडीचा नमुना ४ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत लावला की चालतो. सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची मागणी) आणि अमोनिया यांचा नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेला तर २८ दिवस टिकतो. निलंबित घन पदार्थ थंड ठेवून ७ दिवस. फीकल कोलिफॉर्म मात्र सहा तासांत लॅबमध्ये पोचायला हवा, म्हणून त्याचा दिवस आणि गाडी ठरलेली असावी. पीएच, विरघळलेला ऑक्सिजन (डीओ), उरलेला क्लोरीन आणि एसव्ही-३० (सिलिंडरमध्ये ३० मिनिटांत खाली बसणारा गाळ) हे जागच्या जागीच. ते कुठल्याही सामायिक लॅबला पाठवता येत नाहीत, आणि ब सारख्या छोट्या केंद्रात रोजचे निर्णय याच चार आकड्यांवर होतात. सामायिक लॅब झाली म्हणून ब चा मोजमापाचा सिलिंडर आणि डीओ मीटर काढून घेऊ नका. बचतीच्या यादीत आधी तेच जातात.

आता गाळ. ब च्या ३ एमएलडीतून दिवसाला साधारण ६०० किलो कोरडा घन पदार्थ निघेल असं धरा (७५० किलो बीओडी, किलोमागे ०.८). एक टक्क्याचा गाळ असेल तर ते ६० घनमीटर. घट्ट करून ३ टक्के केला तर २०. प्रेसमधून पिळून २० टक्के केला तर ३ घनमीटर, म्हणजे एक ट्रॉली. पातळ गाळ टँकरने अ कडे नेणं म्हणजे पाण्याची वाहतूक. निदान घट्ट तरी ब कडेच करा.

फिरती प्रेस चौघींत घेण्याची कल्पना कागदावर छान दिसते. ती पडते साठवणुकीच्या टाकीवर. प्रेस पंधरा दिवसांतून एकदा येणार असेल तर ब ला ३०० घनमीटरची टाकी लागते, आणि तीही ढवळणारी, शक्य तर हवा देणारी. नुसता साचलेला जैविक गाळ आठवड्याभरात कुजतो, अमोनिया आणि फॉस्फरस सोडतो, पॉलिमर (गाळाचे कण एकत्र बांधणारं रसायन) जास्त मागतो. चांगल्या गाळाला कोरड्या टनामागे ५ ते १० किलो पॉलिमर लागतं, कुजलेल्याला त्याहून बरंच जास्त, आणि केक तरीही चिकटच. ३०० घनमीटर म्हणजे ताशी १० च्या प्रेसला ३० तास, चार दिवसांचं काम. त्या चार दिवसांत निघणारं गाळणीचं पाणी थेट केंद्राच्या तोंडाशी सोडलं की अमोनिया वर जातो. त्यासाठी वेगळी समतोल टाकी, आणि ते पाणी रात्री सोडायचं. प्रत्येक गावाच्या गाळासाठी पॉलिमरची बीकर चाचणी वेगळी करा. अ ला चालणारं पॉलिमर ब ला चालेलच असं नाही, आणि एकत्रित खरेदीत हे हमखास विसरलं जातं.

सेप्टिक टँकचे टँकर हा सगळ्यात मोठा छुपा विषय. सेप्टेजचा, म्हणजे सेप्टिक टँकमधून उपसलेल्या मैल्याचा, बीओडी लिटरला ६,००० मिलिग्रॅम धरला तर ५ घनमीटरच्या एका टँकरमध्ये ३० किलो बीओडी. माणशी रोज ६० ग्रॅम या हिशेबाने ही ५०० माणसांची दिवसाची भर, तीही दहा मिनिटांत ओतलेली. ब च्या केंद्रात पाच टँकर आले की रोजच्या भाराच्या वीस टक्के. त्यामुळे टँकर आरोग्याकडे आणि केंद्र पाणीपुरवठ्याकडे अशी रचना असेल तर टँकरवाल्याला जवळचं चेंबर दिसतं आणि केंद्रचालकाला सकाळी अकरा वाजता हवा देण्याच्या (एरेशन) टाकीत डीओ शून्य दिसतो. त्यामागचं कारण कुणालाच कळत नाही. टँकर स्वीकारण्याचं ठिकाण एकच ठेवा, जाळी आणि दगड-वाळू अडवणारा सापळा द्या, साठवण टाकीतून हळूहळू सोडा. प्रत्येक टँकरचा पीएच, रंग आणि वास नोंदवून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. एखाद्या कारखान्याचं आम्ल सेप्टेज म्हणून आलं तर केंद्र सावरायला दोन-तीन आठवडे जातात.

पंपघर

आभार. सेप्टेजची बाजू मी प्रश्नात पुरेशी मांडली नव्हती. पंप आणि माणसांबद्दल कुणी सांगेल का? सामायिक सुटा पंप म्हणजे नक्की काय ठेवायचं?

कपलिंग

आधी चारही ठिकाणच्या प्रत्येक पंपिंग स्टेशनची एक पानी यादी करा: पंपाचा किलोवॅट, विसर्ग आणि हेड, तळाच्या पेडेस्टलचा (पंप ज्यावर बसतो त्या बैठकीचा) व्यास आणि बनावट, गाइड पाइपमधलं अंतर, केबलची लांबी, पॅनेलमधला स्टार्टर आणि ओव्हरलोड रिलेची मर्यादा, उचलण्याच्या साखळीची क्षमता. ही यादी नसताना घेतलेला "सामायिक" पंप पहिल्याच वेळी पेडेस्टलवर बसत नाही. पेडेस्टलच बदलायचं तर विहीर उपसून आत माणूस उतरवावा लागतो, मग सुट्या पंपाचा अर्थच गेला. अडॅप्टर ब्रॅकेट आधीच करून पंपाजवळ टांगून ठेवा. पुढच्या प्रत्येक खरेदीत दोनच मापं ठरवा, समजा ७.५ आणि १५ किलोवॅट, आणि चौघींनी तीच घ्यावीत. खरा फायदा इथे आहे. मेकॅनिकल सील, ओ-रिंग, बेअरिंग, इम्पेलर यांचा एकच साठा सगळ्यांना लागू पडतो. हे व्हायला सात-आठ वर्षं लागतात, कारण जुने पंप मरेपर्यंत चालवले जातात.

डिझेलवरच्या फिरत्या पंपाचं दुखणं होजच्या टोकाला असतं. एकाकडे कॅमलॉक जोड, दुसऱ्याकडे बावर, तिसऱ्याकडे फ्लँज. रात्री दोन वाजता भर पाण्यात १५० मिमीचा होज हातात धरून ते कळतं. १९९१ च्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत बाहेरून आलेल्या अग्निशमन दलांना हेच भोवलं: तिथल्या हायड्रंटची (आगीसाठीच्या नळांची) तोंडं ३ इंची, बाहेरच्यांचे होज अडीच इंची. त्यानंतर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात पाणी आणि सांडपाणी संस्थांचं परस्पर मदतीचं जाळं उभं राहिलं. त्याच्या करारात मदत ऐच्छिक आहे, मदत करणाऱ्याला खर्च परत मिळतो, आणि हे सगळं आपत्ती येण्याआधीच सह्या करून ठरलेलं असतं.

माणसांचं. क आणि ड चा एकेक फिटर म्हणजे वर्षभर रोज रात्री ड्युटी, जे कुणी करत नाही, करतोय असं दाखवलं जातं. चौघींचे मिळून आठ फिटर झाले तर आठ आठवड्यांत एकदा पाळी येते, तेवढं माणूस पाळतो. पण तीन गोष्टी आधी सोडवा: ओव्हरटाइमवर सही कोणाची, दुसऱ्या गावच्या पॅनेलला हात लावण्याचा लेखी अधिकार, आणि अपघात झाला तर विमा कोणाचा. विहिरीत किंवा चेंबरमध्ये उतरण्याची परवानगी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नमुन्यावर असेल तर मिश्र टोळी पाठवूच नका. एकच नमुना करा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वालाग्राही वायू किमान स्फोट-मर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, आत माणूस असेपर्यंत मोजणी चालू, वर ट्रायपॉड आणि हार्नेस घेऊन माणूस हजर. दोन गावांची टोळी एका पॅनेलवर असेल तर दोन कुलुपं. एकाने आपलं काढलं म्हणून पंप चालू होता कामा नये.

खोरं

रचनेबद्दल माझं मत जेट_२०० यांच्यापेक्षा थोडं वेगळं. वेळापत्रक महत्त्वाचं आहेच, पण सीमा कुठे आखली यावर कोणाला काय करावंसं वाटेल हे ठरतं, आणि ते कराराच्या एका वाक्याने बदलत नाही.

नेदरलँड्समध्ये मलवाहिन्या नगरपालिकांच्या आणि शुद्धीकरण केंद्रं जलमंडळांची (पाण्याच्या कारभारासाठीच्या वेगळ्या सरकारी संस्थांची). नगरपालिकेने पावसाचं पाणी मलवाहिनीतून वेगळं काढलं तर खोदकामाचा खर्च तिचा, पंपिंग आणि शुद्धीकरणात वाचणारे पैसे मात्र जलमंडळाचे. म्हणून २०११ च्या राष्ट्रीय पाणी करारात या दोघांनी एकत्र बसून सांडपाण्याच्या साखळीत बचत करायची असं ठरवावं लागलं. केंद्रं एका हाताखाली असल्याचा फायदाही तिथेच दिसतो: अनेक जलमंडळांनी मिळून प्रयोगशाळा चालवल्या, काहींनी मिळून मोर्डाइकला गाळ जाळण्याचं केंद्र चालवलं. तुमच्या चौघींत हीच गाठ अ आणि क-ड यांच्यामध्ये आहे. लेखाशीर्ष यांनी सांगितलेली तीन हिश्श्यांची आकारणी त्यावरचा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे ड च्या गळती-दुरुस्तीत अ ने पैसे घालणं, तेही ड च्या प्रवाहात ठरलेली घट मीटरवर दिसली तरच.

एम्शर नदीचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. जर्मनीतल्या रूर भागात १८९९ मध्ये नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी एकच संस्था काढली, वर्गणी ज्याच्या त्याच्या बोज्याप्रमाणे. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत होती, बंद वाहिन्या टिकल्या नसत्या, म्हणून सांडपाणी उघड्या नदीतूनच वाहू दिलं. खाणकाम तिथून सरल्यावर भूमिगत वाहिन्या झाल्या आणि नदी सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ संपावं लागलं. एकट्या नगरपालिकेला हे झेपलं नसतं. मात्र एवढी मोठी संस्था चार छोट्या गावांसाठी उभी करू नका. स्वतंत्र संस्थेला स्वतःचा लेखापाल, स्वतःचं भांडार, स्वतःची भरती लागते, आणि २१० किमी वाहिन्यांवर तो बोजा जड पडतो. शिवाय गावांतली ओळखीची माणसं संस्थेत गेली की गावाकडे वाहिन्यांचे नकाशे वाचणारा कुणी उरत नाही.

मी असं करेन: केंद्र, लॅब, गाळ, सेप्टेज स्वीकारणं आणि पंपांचा साठा अ कडे, पण वेगळ्या खात्यात. उत्पन्न-खर्च अ च्या सामान्य निधीत मिसळणार नाही, आणि दरावर चौघींच्या समितीची सही लागेल. वाहिन्या ज्याच्या त्याच्या. जेटिंग करारावर. आणि त्याआधी प्रत्येक नगरपालिकेने वाहिन्या, पंप आणि टँकर एका अधिकाऱ्याखाली आणावेत. ते झालं नाही तर समितीत एका गावाचे तीन प्रतिनिधी येतात आणि तिघेही "हे माझ्याकडे नाही" म्हणतात.

लेखाशीर्ष

खोरं यांच्या वेगळ्या खात्याला एक जोड. त्यात घसारा निधी सक्तीचा ठेवा. नाहीतर दर कमी दिसतो, सगळे खूश असतात, आणि पंधरा वर्षांनी ब्लोअर बदलायचा तेव्हा क म्हणतो आम्ही फक्त घनमीटरचे पैसे देत होतो, यंत्र तुमचं. राखीव क्षमता विकत घेतलेल्याचा बदलीच्या खर्चातही तेवढाच वाटा, हे पहिल्या दिवशी लिहायचं. बाहेर पडण्याचं कलमही तेव्हाच: किमान पाच वर्षांची नोटीस, उरलेल्या कर्जाचा आपला हिस्सा भरून.

एमएलएसएस

एक स्वस्तातली गोष्ट राहिली, तिला संस्था लागत नाही. जर्मनीत जवळपासच्या केंद्रांचे चालक गट करून ठरावीक काळाने एकमेकांच्या केंद्रावर भेटतात आणि वर्षाचे आकडे शेजारी मांडून बघतात. अ आणि ब ने तिमाहीला एवढं करावं: किलो बीओडीमागे वीज, टन कोरड्या गाळामागे पॉलिमर, एसव्हीआय (गाळ किती नीट खाली बसतो त्याचा निर्देशांक), बाहेर जाणारा अमोनिया. ब चे ब्लोअर रात्रीही पूर्ण वेगाने चालतात हे वीजबिलातून कळायला वर्ष जातं, अ चा चालक शेजारी उभा राहिला की तासाभरात कळतं. क आणि ड च्या फिटरांनाही त्या दिवशी बोलवा. आपल्या पंपिंग स्टेशनमधून चिंध्या आणि वाळू आली की पुढे जाळीवर आणि ग्रिट चेंबरमध्ये काय होतं ते त्यांना एरवी दिसतच नाही.